उतरत्या आकड्यांची बेरिल

दोरीवर अर्ध्याच चादरी चढल्या होत्या. बाकीच्या पिळून टोपलीत तशाच पडलेल्या, आणि बेरिल दातात चिमटा धरून माझ्या मागच्या दारात उभी. हातात ताटं पुसायचं फडकं, त्यात काहीतरी गुंडाळलेलं. ते ती अंगापासून लांब धरून होती.

"विनी, याला हात लावून बघ गं," चिमटा काढून ती म्हणाली. "मला वाटतं माझं काहीतरी चुकतंय."

मी फडक्यावरून बोटं टेकवली आणि लगेच मागे घेतली. आतली पितळी नळी इस्त्रीसारखी तापली होती.

बेरिल व्हाइटसाइडच्या तोंडून "माझं चुकतंय" हे शब्द मी त्या दिवसापर्यंत ऐकले नव्हते, आणि आमचं शेजारपण काही आजकालचं नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडमध्ये आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. तिच्या नि माझ्या स्वयंपाकघरात एक भिंत, तीही पातळ. तिच्याकडे कुणी शिंकलं की मी इकडून म्हणते, "देव भलं करो." ती तिकडून ओरडते, "भलं नंतर, आधी औषध पाठव म्हणावं!" देवाशी तिचं नातं एवढंच. मी देवळात मिस्साला निघाले की ती खिडकीतून हात हलवते आणि म्हणते, "माझाही नमस्कार सांग, ओळख आहे का विचार."

तिचं सगळं आयुष्य धुरात गेलं. गोदीजवळच्या कारखान्यात हेरिंग मासा पाठीतून चिरायचा, मिठाच्या पाण्यातून काढायचा, हुकांना लटकवून ओकच्या भुशाच्या धुरावर टांगून त्याचे किपर करायचे, हे तिचं काम. शाळा सुटली तेव्हा तिथे गेली ती कारखाना बंद पडला तेव्हाच बाहेर आली. केसांना वास, कोटाला वास. ट्राममध्ये शेजारची माणसं उठून दुसरीकडे बसायची. ही म्हणायची, "बरं झालं, पाय पसरता येतात." आणि सुट्टी झाली की कारखान्याच्या दारात उभी राहून सिगारेट पेटवायची. मी एकदा म्हटलं, "दिवसभर धूर खातेस तो पुरत नाही का गं?" तर म्हणाली, "आतला धूर मालकाचा, हा माझा."

तिचा नवरा क्लिफर्ड हा गोदीत बोटींमधून मासळी उतरवणारा. अंगाने दांडगा, बोलायला मवाळ. बेरिल एका दिवसात जेवढं बोलते तेवढं तो वर्षात बोलला नसेल. त्याची फुप्फुसं हळूहळू गेली. आधी जिना सुटला, मग बाजार, मग दारापर्यंत जाणंही. शेवटी ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं. छोट्या कपाटाएवढं, पुढच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेलं, त्यातून निघालेली लांबच लांब पारदर्शक नळी त्याच्या नाकाशी. तो जिकडे जाईल तिकडे नळी मागोमाग. यंत्राची घरघर भिंतीतून माझ्याकडे येते. आता त्या आवाजाशिवाय मला माझं घर घर वाटत नाही.

यंत्र बसवायला जो माणूस आला होता, त्याने बेरिलला समोर बसवून घेतलं. मी चहा घेऊन गेले होते म्हणून मीही ऐकलं. तो म्हणाला, "या घरात विस्तव नको. काडी नको, मेणबत्ती नको, सिगारेट तर नकोच. वाफ ओढायची ती यंत्रंही नकोत, आणि त्यांचं चार्जिंगही इथे करायचं नाही. हा वायू स्वतः जळत नाही, पण कपड्यांत, केसांत, गादीत मुरून बसतो. मग एक ठिणगी पुरते."

"आणि चुकून झालं तर?" बेरिलने विचारलं.

"तर आम्हाला यंत्र इथे ठेवायचं का, याचा विचार करावा लागतो."

तो साधेपणानेच म्हणाला होता, पण बेरिलच्या डोक्यात ते वाक्य खिळ्यासारखं बसलं. यंत्र गेलं म्हणजे क्लिफ गेला. त्याला कुठल्यातरी वृद्धाश्रमात ठेवतील, रांगेतल्या खुर्च्यांमध्ये टीव्हीसमोर बसवतील, आणि ही ट्रामने जाऊन भेटून येणार. तेव्हापासून तिला जगात भीती वाटायची ती एवढ्या एकाच गोष्टीची.

त्या माणसाची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत तिने सिगारेटचं पाकीट नळाखाली धरलं. तंबाखूचं पिवळं पाणी मोरीतून जाताना बघत उभी राहिली. आमचे फादर महिन्यातून एकदा क्लिफसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात. तेही त्या दिवसापासून मेणबत्ती न पेटवताच टेबलावर ठेवतात. बेरिल त्यांना म्हणते, "बघा फादर, तुम्ही आणि मी दोघांनीही एकदमच काडी सोडली."

सिगारेटच्या जागी तिने व्हेप घेतलं, ते वाफ ओढायचं यंत्र. मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या खोपटापाशी उभं राहून वाफ ओढायची. त्यात भरायच्या रसाच्या बाटलीवर निकोटीनचा आकडा असतो, तो ती उतरवत गेली. अठरावरून बारा, बारावरून सहा, सहावरून तीन. दर उतरणीला नवी बाटली घेऊन माझ्याकडे यायची आणि शाळेतलं प्रमाणपत्र दाखवावं तशी नाकासमोर धरायची.

"बघ, सहावर आले!"

मी देवळात तिच्या नावाने मेणबत्ती लावायचे. ती म्हणायची, "माझ्या नावाने तू जाळ करतेस, आणि मला मात्र काडीची बंदी."

चार्जिंग तिच्या घरात चालत नाही म्हणून चार्जर माझ्या स्वयंपाकघरात आला, फळीवर, पवित्र मरियमेच्या मूर्तीशेजारी. बॅटरी म्हणजे जाड्या बोटाएवढी, दोन होत्या. सकाळी एक ठेवून जायची, दुसरी घेऊन जायची. "तुझ्या मरियमेला सांग, लक्ष ठेव म्हणावं. तिला दुसरं काम काय आहे?" मला ते आवडायचं नाही, खोटं कशाला लिहू. जपमाळ करताना डोळे उघडले की आधी तो लाल दिवा दिसायचा. पण भिंतीपलीकडे एक माणूस त्या यंत्रावर श्वास घेत होता, आणि ही बाई रोज नेमाने बॅटरी माझ्या घरी आणून ठेवत होती. त्यापुढे माझ्या आवडीचं काय एवढं!

मग रविवारच्या जुन्या बाजारातून तिने ती पितळी नळी आणली.

आधीचं तिचं व्हेप प्लॅस्टिकचं डबडं होतं, छोट्या पडद्याचं. ते तिला सारखं अडवायचं. कॉइल नीट बसली नाही की बंद, बॅटरी कमी झाली की बंद, काही कारण नसलं तरी बंद. "हे माझ्याशी सासूसारखं वागतं," ती म्हणायची. पितळी नळीत असलं काही नव्हतं. एक बटण, आत एक बॅटरी, वर कॉइलची टाकी. "जुनं काम आहे. यात बिघडायला काही नाहीच!" क्लिफने गोदीतून आणलेल्या जुन्या बोटीच्या दिव्याबरोबर तिने ती घासूनपुसून सोन्यासारखी केली.

कॉइल म्हणजे तारेचं छोटं वेटोळं, भोवती कापूस. तो कापूस रस पितो, तार तापते, वाफ होते. कापूस करपला की कॉइल बदलावी लागते, आणि प्रत्येक कॉइलवर आकडा असतो. बेरिल आतापर्यंत एक पूर्णांक दोनची वापरायची. या वेळी तिने दुकानातल्या सवलतीच्या टोपलीतून स्वतः निवडून आणली शून्य पूर्णांक पंधराची. आणि नाचत माझ्याकडे आली.

"शून्यावर आले गं विनी! शून्य! आता याच्याखाली फक्त तुझा देव."

मी तिला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी मेणबत्तीही लावली. आम्हा दोघींना वाटलं, आकडा उतरला म्हणजे बेरिल उतरली.

पण त्या दिवसापासून अंगणात ढग उठायला लागले. समुद्रावरून धुकं आत येतं ना, तसे. दोरीवरचे कपडे त्यात दिसेनासे व्हायचे. रसाची बाटली बघता बघता संपायची. आणि बॅटरी! पूर्वी सकाळी घेतलेली दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायची. आता दुपारच्या आधीच दार वाजायचं. चहाच्या वेळी परत, जेवणानंतर परत.

"अगं, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या का?" मी विचारलं.

"मीच झाले. म्हातारी जास्त ओढते."

बॅटरी हातात घेतली की कोमट लागायची. मला वाटलं, तिच्या खिशातली ऊब असेल.

मग एके दिवशी ती आली, चार्जर उचलला आणि म्हणाली, "तुझ्या फळीवरची अडगळ नेते." त्यानंतर दार वाजणं बंद. एक दिवस गेला, दुसरा गेला. मला वाटलं, सोडलं! बाईने शेवटी सोडलं! मी मरियमेसमोर गुडघे टेकून आभार मानले. ज्या वेळी मी आभार मानत होते, त्या वेळी भिंतीच्या पलीकडे काय चाललं होतं हे मला नंतर कळलं.

तर मंगळवारी ती फडक्यातली नळी घेऊन आली. मी म्हटलं, "आधी ती बाहेर ठेव." आम्ही ती दगडी पायरीवर ठेवली. बेरिलने फडक्याने धरून खालचं झाकण फिरवलं, बॅटरी घरंगळत बाहेर आली. तिच्या वरच्या टोकाचं प्लॅस्टिकचं साल फाटून लोंबत होतं, आतलं लोखंड उघडं.

"ही अशी कधीपासून आहे?"

"काढताघालताना फाटलं असेल. दुसरीचंही थोडं तसंच आहे."

"दुसरी कुठाय?"

बेरिल चादरींकडे बघायला लागली.

"बेरिल, दुसरी बॅटरी कुठाय?"

"चार्जिंगला."

"कुठे?"

 तिची नजर आमच्या मधल्या भिंतीकडे गेली.

"पावाच्या डब्यामागे," ती म्हणाली. "तू सकाळी मिस्साला असतेस, दुपारी तुझा डोळा लागतो. दिवसातून इतक्यांदा दार वाजवायची लाज वाटली गं. क्लिफ तर पुढच्या खोलीत असतो. मला वाटलं, स्वयंपाकघर लांब आहे..."

तेवढ्यात भिंतीतून यंत्राच्या घरघरीवर दुसरा आवाज आला. सपातांचा. फरशीवर घासत, थांबत, परत घासत येणाऱ्या. मग किटलीचं बटण दाबल्याचा.

क्लिफ स्वयंपाकघरात होता. चहा करत होता. आणि तो जिकडे जाईल तिकडे नळी मागोमाग.

मला धावायची सवय राहिलेली नाही. पण मी धावले. बेरिल पुढे, मी मागे, तोंडाने "नमो मरिये, कृपापूर्णे" आणि त्यापुढचं काही आठवत नाही. त्यांचं मागचं दार उघडंच होतं. दारातच वास आला. गोडसर, नखाला लावायच्या रंगासारखा. क्लिफ ओट्यापाशी पाठमोरा उभा होता, नळी नाकाशी, आणि एक हात पावाच्या डब्याकडे गेलेला.

"बेरिल," मागे न बघता तो म्हणाला, "डब्यामागे काहीतरी फिसफिसतंय. उंदीर शिरला वाटतं."

लग्न झाल्यापासून बेरिल त्याच्याशी ओरडूनच बोलत आली आहे. त्या क्षणी मात्र तिचा आवाज असा मऊ निघाला की मला तो तिचा वाटेना.

"क्लिफ, राजा, हात मागे घे. हळूच."

तो वळला, पांढरा पडलेला. "राजा? मला काय झालंय? डॉक्टरांचा फोन आला का?"

"तुला काही झालं नाही. बाहेर चल." तिने त्याच्या कानांवरून नळी उतरवली. "विनी, यंत्र बंद कर."

मी पुढच्या खोलीत गेले. बटण समोर होतं. एका माणसाचा श्वास माझ्या बोटाखाली, आणि तो मी बंद करायचा! माझं बोट उचलेना. मागून बेरिल ओरडली, "विनी!" आणि मी दाबलं. घरघर थांबली. ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं, मीच त्याला मारलं.

आम्ही दोघींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून ओल्या चादरींमधून बाहेर काढलं, मागच्या फाटकातून गल्लीत. तिथे मी त्याला फाटकालगतच्या शेजाऱ्यांच्या पायरीवर बसवलं. त्याचे ओठ निळसर व्हायला लागले होते. हाताने तो काहीतरी खुणावत होता, बोलायला श्वास पुरत नव्हता. मागे वळून बघते तर बेरिल परत आत निघालेली.

मी तिची बाही धरली. "वेडी आहेस का? मी फोन करते, अग्निशमनवाले येतील."

"फोन करू नकोस!"

"बेरिल!"

"ते आले की यंत्रवाल्यांना कळणार. त्याला नेतील गं!" तिचे डोळे माझ्याकडे नव्हतेच. "सोड. तसंही ते येईपर्यंत माझी भिंत आणि तुझी भिंत राहणार नाही."

तिने टोपलीतली एक ओली चादर उचलली आणि डोक्यावरून, खांद्यांवरून ओढून घेतली. कारखान्यात भट्टीतला भुसा भडकला की बायका अशाच ओलं पोतं पांघरून आत शिरायच्या, दार लावून घ्यायला. तिने विचार केला नसावा, अंगानेच केलं. ती आत गेली. मी फाटकाला धरून उभी. आत काही दिसत नव्हतं. एक खटका ऐकू आला, भिंतीवरच्या बटणाचा. मग काहीतरी पडलं. मग काहीच नाही. क्लिफने माझ्या झग्याचा काठ मुठीत धरून ठेवला होता.

ती बाहेर आली तेव्हा कोळसा धरायच्या लांब चिमट्यात चार्जर होता, वायर मागे लोंबत. तिने तो अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात फेकला आणि खोपटाआड झाली. आधी पांढरा धूर, मग फुसकारा, आणि त्यातून हातभर ज्वाळ. जवळची चादर पेटली, काठापासून वर काळी होत गेली. हे सगळं मी एक "प्रभू, दया कर" म्हणेपर्यंत उरकलं. बेरिलने बादलीतलं पाणी चादरीवर ओतलं. ती ज्वाळ पावाच्या डब्यामागे, पडद्याखाली, ऑक्सिजन मुरलेल्या त्या घरात, क्लिफच्या पसरलेल्या हातापाशी उठली असती.

खिडक्या, दारं सताड उघडून घरातून वारा जाऊ दिला. पण क्लिफला वायू हवा होता, आणि वायू द्यायची भीती वाटत होती. बेरिल आत जायची, हुंगायची, बाहेर यायची. "अजून वास आहे." परत जायची. क्लिफची नखं निळी झालेली. शेवटी तिनेच ठरवलं. त्याला पुढच्या दाराने आत नेलं, स्वयंपाकघराचं दार लावून खाली ओला टॉवेल ठोसला, आणि यंत्र सुरू केलं. घरघर परत आली आणि मला रडू फुटलं. क्लिफने नाकाने दोन-चारदा ओढलं आणि पहिलं वाक्य बोलला, "माझा चहा राहिला."

दुसऱ्या दिवशी बेरिल ती नळी आणि फाटक्या सालाची बॅटरी मातीच्या कुंडीत ठेवून दुकानात घेऊन गेली. मी सोबत गेले. दुकानातली मुलगी टॅम्सिन, हिरव्या केसांची, बेरिलशी नेहमी थट्टा करणारी. तिने कुंडीत डोकावलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बेरिल, ही कॉइल तुम्ही या नळीवर लावलीत? कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आकडा कमी होता. मी खाली येत होते. अठरावरून तीनवर आले, मग एक पूर्णांक दोनवरून शून्यावर."

टॅम्सिनने कपाळाला हात लावला. "अहो, बाटलीवरचा आकडा कमी म्हणजे निकोटीन कमी. कॉइलवरचा कमी म्हणजे विजेची अडवणूक कमी! तुमची आधीची कॉइल तोटी जरा उघडून धार घ्यायची. ही अख्खा नळ सोडते. म्हणून ढग, म्हणून बॅटरी दुपारच्या आत रिकामी, म्हणून ती तापते. ही बॅटरी एवढं द्यायला बनलेलीच नाही. रोज असं ओरबाडून परत चार्जरला लावायची, वर साल फाटलेलं..." ती थांबली. "तुमच्या त्या डबड्याने ही कॉइल या बॅटरीवर चालूच दिली नसती. त्यात मोजणारं डोकं असतं. या पितळेला डोकं नाही."

"आणि मी डबड्याला शिव्या घालत होते," बेरिल म्हणाली.

"घरी ऑक्सिजन आहे ना तुमच्याकडे?"

बेरिलने कुंडी टॅम्सिनकडे सरकवली. पितळी नळी तिने तिथेच सोडली. टॅम्सिनने जुन्या डबड्यासाठी दिलेली आधीच्या आकड्याची कॉइल, नवी बॅटरी आणि नवा चार्जर पिशवीत टाकला. परत येताना ट्राममध्ये ती खिडकीतून समुद्राकडे बघत बसली होती. उतरायच्या आधी एवढंच म्हणाली, "तू कुणाला सांगितलं नाहीस ना?"

मी सांगितलं नव्हतं, पण मला झोप नव्हती. नवा चार्जर माझ्याकडे आला. तो मी आता बाहेरच्या दगडी कट्ट्यावर लावते आणि स्वतः समोर खुर्ची घेऊन बसते. भिंतीतली घरघर ऐकत पडायचं, आणि ती जरा वेगळी वाटली की उठून बसायचं. बोलावं तर क्लिफला नेतील. न बोलावं तर त्या घरात आणखी काय जळायला टपलंय, कोण बघणार? ती किटलीची वायर, तो जुना हीटर... मी मरियमेला विचारत होते आणि तीही गप्प.

आज दुपारी मी त्यांच्यासाठी सूप घेऊन गेले. बेरिल ओट्यावरचा करपट डाग घासत होती. तो जात नव्हता, आणि ती थांबत नव्हती. क्लिफने पुढच्या खोलीतून हाक मारली.

"बेरिल, ये इकडे. बस."

"काम आहे."

"बस म्हटलं ना!"

त्याने आवाज चढवला हे ऐकून ती खरंच बसली. तो थांबत थांबत बोलत होता, मध्ये श्वास घेत.

"मला इथून नेतील ही तुझी भीती. माझी ती नाही."

"तुझी काय मग?"

"त्या दिवशी तू चादर घेऊन आत गेलीस. मी गल्लीत बसलेलो. ओरडायला श्वास नव्हता. तू बाहेर येईनास." त्याने नळी नाकाशी नीट केली. "तसं पुन्हा मला बसवू नकोस."

बेरिल बोटातली अंगठी फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि यंत्र नेलं तर?"

"तर बघू. दोघं जाऊ. तू त्यांच्या स्वयंपाकघरात किपर भाजशील, ते आपल्याला दोन दिवसांत परत पाठवतील."

ती हसली, आणि हसता हसता तोंडावर हात घेतला.  यंत्र तेवढं चालू होतं. मग ती उठली, ॲप्रन सोडला, तोंड धुतलं, कोट चढवला.

"मी येऊ का?" मी विचारलं.

"नको. तू इथे बस, त्याच्या यंत्राकडे कान ठेव." दारात ती जरा अडखळली. "विनी, तुझ्या त्या बाईला सांग गं, माझ्यासाठी काहीतरी म्हण म्हणावं. ओळख नसली तरी."

मी हात जोडले. दार लागलं. आता मी क्लिफच्या समोर बसले आहे, तो डोळे मिटून आहे, आणि माझा कान यंत्राकडे आहे. बेरिल अग्निशमन केंद्रात गेली आहे, मंगळवारी काय झालं ते सांगायला आणि त्यांना घर तपासायला बोलवायला.